तोंड फिरवलेली गाडी

मार्च संपता संपता आमच्या शाळेत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडतात आणि परळीचं ऊन असं तापतं की लाल पेनसुद्धा हाताला गरम लागतं. यंदा सातवीच्या मराठीच्या पेपरात निबंधाला मीच एक विषय घातला होता, ‘मी पाहिलेले रेल्वे स्थानक’. गावातच स्टेशन आहे, पोरांना दोन ओळी जास्त सुचतील, एवढाच माझा विचार. एकानं लिहिलं, ‘स्टेशनवर बसायला बाकडी असतात व तेथे काही करावे लागत नाही, म्हणून मला ते फार आवडते.’ त्याला मी मनापासून एक गुण वाढवून दिला. दुसरीनं लिहिलं होतं, ‘आमच्या स्टेशनवर गाडी ज्या बाजूने येते त्याच बाजूने परत जाते.’ सवयीनं मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि मग थांबलो. वाक्य बरोबर होतं. रेघ काही पुसता येईना, तेव्हा शेजारी बरोबरची खूण करून ठेवली. त्या दिवशी पुढचा एकही पेपर माझ्याच्यानं तपासून झाला नाही.

आम्ही मूळचे तलवाड्याचे. गेवराई तालुक्यातलं मोठं गाव, बाजार मोठा, पण रूळ कसा असतो ते पाहायचं तर अर्धा दिवस एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत. बीड जिल्ह्याचं असंच होतं. परळी आणि घाटनांदूरचा कोपरा सोडला तर बाकी जिल्ह्याला रेल्वे म्हणजे दुसऱ्याच्या घरचं लग्न. आता बीडलाही गाडी येते. ती बघायला माणसं लेकराबाळांसकट गेली, आमच्या गावाकडचे कितीतरी जण कुठंही न जाता नुसते फलाटावर फिरून आले आणि घरी येऊन तृप्त झोपले. मी हसलो नाही. फलाटावर आपण मालक आहोत की पाहुणे, हे न कळणाऱ्या माणसाची चाल मला लांबूनही ओळखू येते, कारण ती माझीच चाल आहे.

तरी स्टेशनांचा मला लळा आहे. घाटनांदूरचं स्टेशन छोटं, गाडी निघून गेल्यावर तिथं इतकी शांतता होते की झाडावरचा होला घुमताना ऐकू येतो. लातूर रोडला सगळी गर्दी गाडी बदलणाऱ्यांची, त्यामुळे त्या स्टेशनवर कुणीच कुणाचं नसतं आणि गप्पा मात्र लगेच जमतात. परभणीच्या पुलावर उभं राहिलं की खाली एकाच वेळी आलेल्यांची घाई आणि बसलेल्यांचा कंटाळा दिसतो. मनमाडला तर मी एकदा चार तास नुसता घोषणा ऐकत बसलो होतो. एवढी गावं, एवढ्या दिशा, आणि सगळ्या कशा एका बाईच्या तोंडात बसलेल्या. पण ‘आवडतं स्टेशन कोणतं?’ असं कुणी विचारलं तर मी परळीचंच नाव घेतो. विचारणाऱ्याला वाटतं, मास्तर इथंच नोकरीला आहेत म्हणून. मीही ते तसंच वाटू देतो.

परीक्षांचा हंगाम आला की मात्र काही झाकून राहत नाही. ज्वारीची काढणी झालेली असते, रानात नुसती धसकटं. उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या कारखान्याकडे डुलत चाललेल्या असतात आणि रस्त्याच्या कडेला सांडलेली वाडं, उसाचे हिरवे शेंडे, गुरं चघळत बसतात. संध्याकाळी वाऱ्यानं दिशा बदलली की औष्णिक केंद्राकडून बारीक राख येते आणि स्टेशनच्या बाकड्यांवर तिचा पातळ थर बसतो. आणि त्या बाकड्यांवर पोरं-पोरी दिसू लागतात. पाठीवर सॅक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं हॉलतिकीट, मांडीवर चालू घडामोडींचं पुस्तक. त्यांच्यासोबत कुणाचा तरी बाप नाहीतर भाऊ असतो. मी त्या पोरींकडे बघत नाही. मी त्या भावांकडे बघतो.

आक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. शाळेची सहल परळीला आली होती तेव्हा तिनं पहिल्यांदा स्टेशन पाहिलं. वैजनाथाच्या पायऱ्या, प्रसादाचे पेढे, चिमण्यांचा धूर, असं बाकीच्या पोरी महिनाभर सांगत होत्या. आक्का एकच सांगायची: एक माणूस हिरवी झेंडी घेऊन बाहेर आला, त्यानं ती नुसती हलवली आणि एवढी मोठी गाडी निघाली. तिनं ते मनात धरलं. बी.ए. झाल्यावर तिनं रेल्वेभरतीचा अर्ज भरला. ज्या गावात रेल्वे नाही त्या गावातून रेल्वेचा अर्ज, पोस्टमनलासुद्धा हसू आलं होतं.

आमचे वडील, दादा, कालव्यावर चौकीदार होते. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक फळी होती आणि त्या फळीवर फक्त पुस्तकं ठेवायची, असा त्यांचा नियम होता. तेलाची बाटली ठेवली तरी ते रागवायचे. आक्काचं परीक्षेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी ते कागद स्वतः त्या फळीवर ठेवले. केंद्र सिकंदराबाद. मग ते आईला म्हणाले, एवढं एक होऊ दे, झाली पास तर तिची ती बघंल, नाही तर पाहुणे थांबलेत. पाहुणे म्हणजे सोयरीक. वैशाखातली तारीख जवळजवळ ठरली होती आणि आक्काला ते ठाऊक होतं. म्हणून ती आठवडाभर पहाटे उठून गणितं करत होती. एकटी पोरगी कशी पाठवायची, म्हणून सोबतीला मी. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय भूगोल. भारताचा नकाशा मी डोळे मिटून काढायचो आणि त्याचा मला भारी ताठा होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तलवाड्यात आमच्या लहानपणी एसटी यायची ती पारापाशी थांबायची, माणसं उतरवायची, मग पुढे-मागे करत तोंड फिरवायची आणि आल्या वाटेनं गेवराईला जायची. गाडीनं तोंड फिरवलं की ती माघारी निघाली, हे आम्हाला चालायला लागायच्या आधी कळलेलं होतं. गाडीनं तोंड फिरवलं का, एवढंच बाया एकमेकींना विचारायच्या आणि त्यावर चुलीवरचं कालवण उतरवायचं का ठेवायचं ते ठरवायच्या. त्या गाडीत जागा धरायची रीतही ठरलेली. खिडकीतून टॉवेल फेकायचा, टॉवेल पडला ती सीट आपली. त्यावरून भांडणं होत, पण टॉवेलाचा अधिकार कुणी नाकारत नसे.

तर आम्ही दोघं दुपारीच परळीला येऊन बसलो. गाडी दिवेलागणीच्या आधीची, पेपर दुसऱ्या दिवशी दहाला. आक्कानं बाकड्यावरच्या राखेत बोटानं आपला बैठक क्रमांक लिहिला आणि डोळे मिटून पाठ म्हणून दाखवला. गाडी आमच्या उजव्या हातानं आली. मी टॉवेल काढला आणि थांबणाऱ्या डब्याच्या खिडकीत फेकला. रेल्वेच्या खिडकीला आडवे गज असतात हे भूगोलात नव्हतं. टॉवेल गजात अडकून फडफडत राहिला आणि आक्का पोट धरून हसली. तिचं ते हसणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. त्यानंतर ती तशी हसलेली मी पाहिली नाही.

जागा मिळाली, खिडकीजवळची. आक्कानं धपाट्यांचा डबा वर खुंटीला अडकवला. डब्यात बहुतेक माणसं तेलुगू बोलणारी, कुणी निजलेली. गाडी बराच वेळ थांबली. पुढचं इंजिन सुटं होऊन गेल्याचं मला दिसलं नव्हतं. आक्काला दिसलं होतं. ती पाणी भरायला खाली उतरली तेव्हा तिनं फलाटावरच्या एका कामगाराला विचारूनही घेतलं होतं. मी मात्र जागा धरून बसलो होतो, जागा धरणं हे आमच्याकडे मोठं काम.

मग धक्का बसला आणि गाडी हलली. उजव्या हाताला. जिथून आली होती तिकडंच.

गाडी माघारी चालली, परभणीला चालली, आपण चुकीच्या गाडीत बसलो, एवढंच डोक्यात. समोरच्या माणसाला विचारायचं तर भाषा येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर विचारायची लाज वाटली. कॉलेजात जाणाऱ्या पोरानं, भूगोलवाल्यानं विचारायचं काय? मी उठलो, पिशवी दारातून खाली टाकली आणि आक्काचं मनगट धरलं.

आक्का म्हणाली, “बापू, बस. ही आपलीच गाडी हाय.”

मी ओढलं.

“इंजिन फिरवलंय त्यांनी, मी इचारलंय. बस तू.”

दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा ऐकलं. आज एवढी वर्षं झाली, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. गाडीचा आवाज नव्हता, गोंधळ नव्हता, मला नीट ऐकू आलं होतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही, एवढंच. मी तिच्या सोबतीला आलो होतो, म्हणजे माझं बरोबर असणार, असं मला वाटलं. आणि ती माझ्यापेक्षा मोठी, माझ्यापेक्षा हुशार, तिनं मनगट सोडवून घेतलं नाही. सोडवून घेतलं असतं तर मी चालत्या गाडीतून एकटा पडलो असतो, म्हणूनही असेल. आम्ही दोघं फलाटावर उतरलो, धडपडलो, आणि सावरून उभे राहिलो तोवर डबे आमच्यासमोरून जाऊ लागले होते.

हातात झेंड्या गुंडाळलेला एक रेल्वेचा माणूस चालत आला. त्यानं विचारलं, “उतरलात कावून?”

गाडी माघारी चालली ना, असं मी म्हणालो.

तो म्हणाला, “आवो, तीच सिकंदराबादची. हितं इंजिन फिरतंय. पुढं गेल्यावर फाटा हाय.” रोज कुणीतरी विचारत असावं अशा आवाजात त्यानं हे सांगितलं आणि तो निघून गेला.

शेवटचा डबा अजून दिसत होता. पळून काही उपयोग नव्हता, तरी मी थोडा पळालो. आक्का पळाली नाही. ती त्याच बाकड्याकडे गेली आणि ओढणीच्या टोकानं राखेतला आपला नंबर पुसून तिथं बसली. दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी होती. आम्ही स्टँडवर गेलो, लातूरपर्यंत पोचलो, पण तिथून सकाळी दहाच्या आत सिकंदराबादला नेईल असं काहीच नव्हतं. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला मी तीनदा विचारलं. जे पहिल्यांदा नव्हतं ते तिसऱ्यांदाही नव्हतं. माणूस किती हतबल होऊ शकतो ते मी त्या खिडकीपाशी शिकलो.

घरी दादांनी विचारलं, दोघंही शिकलेले, मग गाडी चुकली कशी? ते माझ्याकडे बघत होते. आक्का म्हणाली, गर्दी लई होती, चढताच आलं नाही. ते कागद बरेच दिवस फळीवर तसेच होते, मग कधीतरी आईनं ते काढून ट्रंकेत ठेवले. वैशाखात आक्काचं लग्न झालं. माजलगावकडचं घर, धरणाच्या पाण्यावर भिजणारी शेती, दाजी स्वभावानं गरीब. वाईट झालं असं कुणालाच म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच मला कुणापाशी ते बोलता आलं नाही. भरतीची पुढची जाहिरात आली तेव्हा आक्काला सातवा महिना होता. मी ती कापून तिला पाठवली नाही. काय तोंडानं पाठवणार?

उलट मी काय केलं, तर दादा गेल्यावर त्या गोष्टीची गंमत केली. लग्नकार्यात पंगत उठली, पानसुपारी सुरू झाली की कुणीतरी म्हणायचं, बापू, ते रेल्वेचं सांग. मी रंगवून सांगायचो. गजात अडकलेला टॉवेल, तोंड फिरवलेली गाडी, ‘आमी दोघं बी घाबरलो अन् मारली उडी’, आणि शेवटी ‘आमच्याऐवजी आमचे धपाटे परीक्षेला गेले’. लोक मांडीवर थापा मारून हसायचे. ‘दोघं बी’ हा शब्द मी कधी विसरलो नाही. आक्का तिथंच कुठंतरी असायची, ताटं उचलत, कुणाच्या लेकराला भरवत. ती पण हसायची. तिच्या हसण्याकडे बघायचं मी टाळायचो.

मला पुढे परळीतच नोकरी लागली. संध्याकाळी फिरायला म्हणून स्टेशनवर जायची सवय लागली. परीक्षांच्या दिवसांत तर मी मुद्दाम गाडीच्या वेळेला जायचो आणि खेड्यातली वाटणारी माणसं हेरून सांगायचो, गाडी उलटी निघंल, उतरू नका, इंजिन फिरतंय. पूर्वी लोक हात जोडायचे. एका बाईनं तर मला रेल्वेचा साहेब समजून पेरू दिले होते. अलीकडे पोरं मोबाइल दाखवतात. त्यात निळा ठिपका सरकत असतो, सगळ्यांना सगळं माहीत असतं. “माहितीय काका,” म्हणतात आणि कानात पुन्हा वायर खुपसतात. जे शहाणपण मला एवढं महाग पडलं ते आता कुणाला फुकटही नको आहे. आनंद व्हायला हवा. होतोही. पण मग मी फलाटावर नक्की काय करतो, ते मला सांगता येत नाही.

यंदा प्रज्ञाची परीक्षा होती. प्रज्ञा आक्काची धाकटी. भरती रेल्वेचीच, तिनं तिच्या मनानं अर्ज भरला, आणि केंद्र आलं हैदराबाद. त्या निबंधांचे गठ्ठे घरात पडलेले असतानाच आक्का तिला घेऊन परळीला आली. मी दोन दिवस आधीच रजेचा अर्ज टाकून ठेवला होता. बॅगही भरली होती. एवढं एकदा तरी पोचवून येऊ, मनाशी मी ठरवलंच होतं. लग्नानंतर आक्का या स्टेशनवर आलेली मला आठवत नाही. मुंबईला पोराकडे जायचं तरी ती ट्रॅव्हल्सनं जाते.

आम्ही फलाटावर गेलो. बाकडी बदललीत, राख तीच. आक्कानं बसायच्या आधी पदरानं बाकडं पुसलं. गाडी उजव्या हातानं आली. प्रज्ञानं आपली सीट शोधली, सॅक ठेवली आणि खिडकीत येऊन बसली. मी पाण्याची बाटली दिली आणि म्हणालो की मीही येतो, तिकीट आत काढता येईल, बॅग काय बाहेर मोटारसायकलवरच आहे, पाच मिनिटांत आणतो. प्रज्ञानं आईकडे बघितलं.

आक्का म्हणाली, “नको. तिला एकटीला जाऊ दे.”

मी म्हणालो, ठीक आहे, पण एक ध्यानात ठेव, गाडी निघताना उलटी निघते. प्रज्ञा हसली. लेकराच्या मनात काही नव्हतं, ती सहज बोलून गेली.

“मामा, आईनं सगळं सांगितलंय. गाडीत बसलं की कुणी बी उतर म्हणलं तरी उतरायचं न्हाई. मामा म्हणला तरी न्हाई.”

मी हसलो. दुसरं काय करणार? आक्का समोरच्या रुळांकडे बघत होती. तिचे केस कानापाशी पांढरे झालेत, ते मला त्या उन्हात नीट दिसले. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर, असं साधं. पंचवीस-सव्वीस वर्षांत शेकडो वेळा मनात म्हणून झालं होतं. पण मी तिला विचारलं, चहा घेतेस का? ती नको म्हणाली. इंजिन या टोकाचं सुटून दुसऱ्या टोकाला गेलं, आम्ही दोघं ते जाताना बघत राहिलो. मागच्या वेळी ती एकटीच बघत होती.

गाडीला धक्का बसला. हलली, उजव्या हाताला, आली तिकडंच. इतक्या वर्षांचं माहीत असूनही माझे पाय पुढे पडले. मी खिडकीबरोबर चालू लागलो आणि हात वर केला, हलवला. मी निरोपच देत होतो. तिच्या आईची शपथ, निरोपच देत होतो.

प्रज्ञानं माझ्या हलणाऱ्या हाताकडे बघितलं. तिचं हसू थांबलं. तिनं दोन्ही हातांनी खिडकीचा गज घट्ट धरला आणि माझ्याकडे बघत मान हलवली, नाही.

मी तिथंच उभा राहिलो, हात तसाच वर. तो खाली घ्यायचंही मला सुचेना. मागून आक्का आली. तिनं माझं मनगट धरलं आणि हळूच खाली ओढलं.

“हात खाली घे, बापू,” ती म्हणाली. “तिला वाटंल, उतर म्हणतोस.”